शेंदरी थर दिसला की पत्री थांबवा: जुन्या शाळा, कार्यालयं आणि दुकानांचा रंग काढताना शिशाची धूळ कशी आवरायची

शाळेच्या जुन्या लोखंडी खिडकीचा रंग खरवडायला घेतला. वरचा निळा निघाला, त्याखालचा हिरवा निघाला, मग राखाडी निघाला आणि अगदी तळाशी, लोखंडाला चिकटून, मारुतीच्या अंगावर असतो तसा चटक नारिंगी थर दिसला. तिथे पत्री, म्हणजे रंग खरवडायचं पातं, थांबवायची. तो थर बहुधा शेंदराचाच असतो. पारंपरिक शेंदूर आणि गंज लागू नये म्हणून पूर्वी लोखंडाला मारायचं 'रेड लेड' प्रायमर हे रसायन म्हणून एकच, म्हणजे शिशाचा ऑक्साइड. आपल्याकडे या रंगालाच शेंदरी म्हणतात, त्यामुळे ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही.

दुकानात आज सर्रास मिळतं ते 'रेड ऑक्साइड' वेगळं. ते लोखंडाच्या ऑक्साइडचं, विटकरी-तपकिरी दिसतं. नावं जुळी असल्यामुळे जुने रंगारीही दोन्हींची गल्लत करतात. पण खालचा थर विटकरी निघाला म्हणून सुटलो असंही नाही, कारण वरच्या ऑइल पेंटमध्ये शिसं असू शकतं. (शिसपेन्सिलीला मात्र उगाच घाबरू नये. तिच्यात शिसं नसतं, ग्रॅफाइट असतं.)

ऑइल पेंटमध्ये शिसं तीन कारणांनी घालत. एक गंज थोपवायला. दुसरं, रंग लवकर वाळावा म्हणून. तिसरं, रंग भडक आणि टिकाऊ यावा म्हणून: पिवळा आणि नारिंगी हे लेड क्रोमेटचे, आणि त्यात निळा मिसळून हिरवा. म्हणून संशयाचा क्रम लावायचा तर पिवळा, नारिंगी, हिरवा आणि लाल ऑइल पेंट आधी, पांढरा आणि राखाडी मागून. भिंतीवरचा चुना किंवा डिस्टेंपर यांची भीती त्या मानाने कमी. पण बहुतेक शाळांत, दवाखान्यांत आणि तहसिलीत भिंतीला खालून चार-पाच फुटांचा ऑइल पेंटचा पट्टा असतो, हात लागून भिंत मळू नये म्हणून मारलेला. पोरांचे हात आणि तोंड नेमके त्याच उंचीवर असतात. अंगणवाडीच्या आवारातली पिवळी-लाल घसरगुंडी आणि झोके हेही याच यादीतले. आपल्याकडच्या उन्हात तो रंग काही वर्षांतच खडूसारखा भुकटी होऊन हाताला लागायला लागतो.

कायदा डब्यापाशी थांबतो

भारतात घरगुती आणि सजावटीच्या रंगांतल्या शिशाबद्दलचे नियम १ नोव्हेंबर २०१६ रोजी निघाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून मर्यादा लागू झाली: ९० पीपीएम, म्हणजे किलोभर रंगात जास्तीत जास्त ९० मिलिग्रॅम शिसं. डब्यावर तसं छापणंही बंधनकारक आहे. नियम चांगला आहे आणि त्याचा फायदा दिसायला लागेलही, पण तो नव्या डब्याला लागू होतो. त्याआधी भिंतीवर, चौकटीवर, गजावर जे थर चढले ते तसेच आहेत, आणि ते खरवडताना काय काळजी घ्यायची याबद्दल त्यात काही नाही. शिवाय औद्योगिक रंग या नियमाबाहेर राहिले. गेट, ग्रिल, पाण्याची टाकी, शेडचे खांब यांना नंतरही औद्योगिक एनॅमल मारला असेल, तर २०१७ नंतरच्या रंगालाही खात्रीने शिसंमुक्त म्हणता येत नाही.

अमेरिकेनेही हा प्रश्न अर्ध्यावरच सोडवला आहे. तिथे घरांसाठी शिशाचा रंग १९७८ मध्ये बंद झाला. जुन्या घरांच्या दुरुस्तीचा नियम २००८ मध्ये आला आणि एप्रिल २०१० पासून अमलात आला. १९७८ पूर्वीचं घर किंवा सहा वर्षांखालची मुलं नेमाने येतात अशी जागा असेल आणि आतून एका खोलीत ६ चौरस फुटांपेक्षा किंवा बाहेरून २० चौरस फुटांपेक्षा जास्त रंगाला हात लागणार असेल, तर प्रशिक्षित माणूस, प्लास्टिकचा आडोसा आणि शेवटी सफाईची तपासणी हे सगळं सक्तीचं. सरकारी आणि व्यापारी इमारतींसाठी असाच नियम करायचा विचार त्यांच्या पर्यावरण संस्थेने २०१० मध्ये जाहीर केला, पण घरांसारखा नियम त्या इमारतींना अजून लागलेला नाही. अडचण समजण्यासारखी आहे. घरात माणूस रात्रंदिवस राहतो, कचेरीत आठ तास, बाजारपेठेत अर्धा तास. प्रत्येकाला किती धूळ लागते याचं गणित वेगवेगळं येतं.

आपल्याकडे एका गोष्टीने हे गणित सोपं होतं. जिल्हा परिषदेची शाळा, अंगणवाडी, सातपुड्यातली आश्रमशाळा या सगळ्या सरकारी इमारती आहेत आणि मुलांनी भरलेल्या आहेत. अक्राणी किंवा अक्कलकुव्याकडच्या आश्रमशाळेत तर मुलं त्याच खोलीत शिकतात, त्याच फरशीवर झोपतात. तिथे 'सरकारी इमारत' आणि 'घर' असा भेद करण्यात अर्थ नाही. आणि नियम नसला तरी अंदाजपत्रक असतंच. जे सक्तीचं करायचं ते तिथे लिहिता येतं. त्यासाठी दिल्लीची वाट पाहायला नको.

एवढ्याशा रंगाने काय होतं

भिंतीवर घट्ट बसलेला रंग कुणाला काही करत नाही. त्याची धूळ झाली की तो विष होतो. हिशेब घालून पाहू. अमेरिकेत एका चौरस सेंटिमीटरला १ मिलिग्रॅम शिसं असलं की त्या रंगाला शिसेयुक्त म्हणतात. एका चौरस फुटात ९२९ चौरस सेंटिमीटर, म्हणजे ९२९ मिलिग्रॅम शिसं. हा एवढाच तुकडा कोरडा घासला आणि धूळ दहा बाय दहा फुटांच्या खोलीत सारखी पसरली, तर दर चौरस फूट फरशीवर ९,२९० मायक्रोग्रॅम येतं (एका मिलिग्रॅमचे हजार मायक्रोग्रॅम). जुना रंग काढण्याचं काम संपल्यावर फरशीवर किती चालेल याची तिथली मर्यादा २०२४ मध्ये ५ मायक्रोग्रॅमवर आणली. म्हणजे अठराशे पटींहून जास्त, तेही एका चौरस फुटातून. वर्गाच्या दाराची एक बाजूच २१ चौरस फूट भरते.

गिळलेल्या शिशातलं लहान मूल मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषून घेतं. रक्तात किती शिसं चालेल याची सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेला सापडलेली नाही. मेंदूची वाढ, लक्ष आणि शिकण्याची ताकद यांवर परिणाम होतो, आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. मोठ्यांत रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते. शिसं हाडांत वर्षानुवर्षं साठून राहतं आणि गरोदरपणात पुन्हा रक्तात उतरतं. लक्षणं मात्र साधी असतात, पोट दुखणं, शौचाला साफ न होणं, चिडचिड, रक्त कमी असणं. बहुतेकदा तीही दिसत नाहीत, म्हणून रंगकामाशी त्याचा संबंध कुणी जोडत नाही.

आधी तपासा, आणि शक्य असेल तर खरवडूच नका

२०१७ च्या आधी मारलेला कुठलाही ऑइल पेंट तपासेपर्यंत शिशाचाच धरायचा. दुकानातला जुना माल संपायला वेळ लागतो, म्हणून २०२० पर्यंतचा धरला तरी हरकत नाही.

खात्री हवी असेल तर नमुना प्रयोगशाळेत पाठवावा. जागा ओली करून धारदार पात्याने साधारण ५ सेंटिमीटर बाय ५ सेंटिमीटरचा तुकडा सगळ्या थरांसकट, थेट लाकूड किंवा लोखंड दिसेपर्यंत काढायचा. लाकडाचा भुसा त्यात येऊ द्यायचा नाही, नाहीतर प्रमाण कमी दिसतं. वरचाच थर पाठवला, तर तळातला शेंदूर तपासणीत येतच नाही. ही चूक सगळ्यात जास्त होते. दार, खिडकी, पट्टा आणि ग्रिल यांचे नमुने वेगवेगळ्या पुडीत, जागेचं नाव लिहून द्यावेत. एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारं राष्ट्रीय मंडळ) मान्यतेची प्रयोगशाळा निवडावी. झटपट रंग बदलणाऱ्या कांडीने 'आहे' कळलं तर विश्वास ठेवावा, 'नाही' आलं तर नाही.

रंग फुगलेला, पोपडे आलेला नसेल तर तो मुळापासून काढायची गरजच नसते. साबणाच्या पाण्याने धुवायचा, ओल्या वॉटर पेपरने हलकेच चकाकी घालवायची, प्रायमर आणि नवा रंग वरून द्यायचा. 'जुना रंग पूर्ण खरवडून' हा शब्दप्रयोग अंदाजपत्रकात सवयीने येतो. तो खोडला तर अर्धा धोका तिथेच संपतो. अपवाद घासणाऱ्या जागांचा: दाराची कड, खिडकीची खाच, दुकानाचं शटर. शटर रोज दोनदा गुंडाळलं जातं आणि पट्ट्या एकमेकींवर घासून रंगाची भुकटी पडते, कधी थेट धान्याच्या उघड्या पोत्यांवर. अशा जागी वरून रंग मारून भागत नाही.

काम करताना

आपल्याकडे शाळांची रंगरंगोटी आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर), उन्हाळ्याच्या सुट्टीत निघते. मुलं नसतात हे उत्तम, पण पारा ४४-४५ ला गेलेला असतो आणि इथेच एक पेच आहे. धूळ उडू नये म्हणून पंखे बंद, खिडक्या बंद, प्लास्टिकचा आडोसा, तोंडाला मास्क. अशा खोलीत दुपारी माणूस काम करू शकत नाही. उष्माघात शिशाआधी गाठेल. म्हणून खरवडण्याचं काम दिवाळीच्या सुट्टीत घ्यावं, हा आमचा ठाम सल्ला आहे. मे महिन्यातच करायचं झालं तर पहाटे साडेसहा ते दहा एवढंच खरवडावं आणि उरलेल्या वेळात पुसणं, लांबी भरणं, रंग लावणं अशी कामं ठेवावीत.

खोलीतलं सगळं हलवता येणारं सामान बाहेर. कपाट हलत नसेल तर प्लास्टिकमध्ये गुंडाळून चिकटपट्टी लावायची. पिण्याच्या पाण्याचा माठ आणि पोषण आहाराची भांडी आधी काढायची, हे विसरतं. फरशीवर कामाच्या जागेपासून चहूबाजूंनी निदान ६ फूट प्लास्टिक, बाहेरून काम असेल तर जमिनीवर १० फूट. जाडी १५० मायक्रॉनच्या आसपास हवी. केळीच्या किंवा टरबुजाच्या शेतातला मल्चिंग पेपर हाताशी असतो म्हणून तो अंथरतात, पण तो २५-३० मायक्रॉनचा, पायाखाली लगेच फाटतो. ताडपत्री अजिबात नको. विणीत धूळ अडकते, झटकून जात नाही, आणि पुढच्या आठवड्यात त्याच ताडपत्रीवर मिरची किंवा बिबडे वाळत पडतात.

डेझर्ट कूलर हा कचेऱ्यांतला मोठा धोका आहे. तो बाहेरची हवा ओढून आत फेकतो. बाहेरच्या भिंतीवर किंवा ग्रिलवर काम चालू असेल तर त्या बाजूचे सगळे कूलर बंद करून बाहेरून प्लास्टिकने झाकायचे, आणि काम संपल्यावर गवताच्या जाळ्या बदलायच्या.

आता मुख्य कृती: ओलं करा, मग खरवडा. फवारणीच्या छोट्या बाटलीत पाणी आणि भांड्याच्या साबणाचे काही थेंब. साबणामुळे पाणी ओघळून न जाता रंगात मुरतं. शेतातला औषध फवारायचा पंप यासाठी वापरू नये. जवळच्या बटणांचा वीजपुरवठा मेनमधून बंद करायचा. उन्हाळ्यात पाणी बघता बघता सुकतं, म्हणून सगळी भिंत एकदम भिजवून उपयोग नाही. दोन फूट बाय दोन फुटांचा तुकडा भिजवायचा, खरवडायचा, पुन्हा फवारा, मग पुढचा तुकडा. पत्रीखालून निघणारी साल ओलसर, लगद्यासारखी पडली पाहिजे. पत्री खरखर वाजायला लागली आणि भुरा उडाला की पाणी कमी पडलं असं समजायचं.

तीन गोष्टी पूर्ण बंद. कोरडा पॉलिश पेपर. तारेचा ब्रश लावलेला ग्राइंडर. तो मिनिटाभरात एवढा भुरा उडवतो की दाराबाहेरची ओसरीही भरते. आणि ब्लो लॅम्प. ज्योतीने रंग सुटतो खरा, पण शिशाची वाफ होते आणि ती थंड होऊन मायक्रॉनपेक्षा बारीक कण बनतात, जे थेट फुफ्फुसाच्या तळाशी जातात. अमेरिकेच्या नियमात उघडी ज्योत वर्ज्य आहे आणि ५९३ अंश सेल्सियसच्या वर तापणारी हीट गनही. रंग काढायचं रसायन वापरायचं तर डब्यावर मिथिलिन क्लोराइड (विषारी वाफेचं द्रावक) आहे का ते पाहावं. असेल तर बंद खोलीत तो डबा उघडूच नये.

तोंडाला बांधलेला रुमाल किंवा उपरणं या धुळीला अडवत नाही, कापडी मास्कही नाही. एन-९५ किंवा आयएस ९४७३ नुसार एफएफपी-२ हे किमान. घामाने भिजला की बदलायचा, म्हणजे मे महिन्यात माणशी दोन तरी धरा. दाढी वाढलेली असेल तर कडेने हवा आत शिरते आणि मास्क नुसता दिसायला उरतो.

आणि तंबाखू. डाव्या तळहातावर तंबाखू, चिमूटभर चुना, उजव्या अंगठ्याने मळायचं, थाप मारायची, ओठात धरायचं. सकाळपासून रंग खरवडलेल्या तळहातावरून ती सगळी धूळ अशी थेट तोंडात जाते, आणि दिवसातून दहा वेळा जाते. रंगाऱ्याच्या अंगात शिसं जायचा हा एवढा सरळ रस्ता दुसरा नाही, विडीचंही तेच. म्हणून कामाच्या जागेबाहेर पाण्याची बादली, साबण आणि नख घासायचा ब्रश ठेवायचा, आणि तंबाखू, चहा, भाकरी, काहीही हात-तोंड धुतल्याशिवाय नाही. कामाचे कपडे तिथेच बदलून पिशवीत बांधायचे, घरी वेगळे धुवायचे. तेच कपडे घालून गाडीवर घरी गेलं आणि पोर येऊन बिलगलं, तर शाळेतली धूळ घरच्या पोराच्या अंगाला लागली. १९४८ च्या कारखाना कायद्यात कळवणं बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य आजारांच्या यादीत शिशाची विषबाधा पहिल्या क्रमांकावर होती. रोजंदारीवरच्या रंगाऱ्यापर्यंत ती माहिती कधी पोचली नाही.

सफाई, जी सहसा मावशीवर ढकलली जाते

ठेकेदाराची माणसं निघून जातात आणि दुसऱ्या दिवशी शाळेच्या मावशी किंवा अंगणवाडीच्या मदतनीस झाडू घेऊन उभ्या राहतात. या सगळ्या कामात जास्तीत जास्त धूळ त्यांच्याच अंगावर येते, आणि त्यांना कुणी मास्कही दिलेला नसतो. हे थांबायला हवं. सफाई ठेकेदाराच्या कामाचाच भाग आहे आणि झाडू तिथे चालतच नाही.

खरवडणं थांबल्यावर तासभर धूळ खाली बसू द्यावी. मग प्लास्टिकवर हलका फवारा मारून ते कडांकडून मध्याकडे, मळलेली बाजू आत ठेवून गुंडाळायचं आणि चिकटपट्टीने बांधायचं. त्यानंतर पुसणं वरून खाली: दाराची वरची कड, खिडकीची चौकट, खिडकीची खाच, भिंत, शेवटी फरशी, आतल्या कोपऱ्यातून दाराकडे. दोन बादल्या लागतात, एक साबणाच्या पाण्याची, एक फडकं खळबळायची. खळबळायचं पाणी गढूळ झालं की बदलायचं. एकाच बादलीत सगळी खोली पुसली तर धूळ फक्त जागा बदलते. शहाबादी फरशीच्या सांध्यांत ब्रश फिरवायचा. व्हॅक्यूम वापरायचा तर हेपा (अतिबारीक धूळ अडवणाऱ्या) गाळणीचाच, साधा घरगुती व्हॅक्यूम बारीक धूळ मागून हवेत सोडतो. उरलेलं पाणी जाड फडक्यातून गाळून संडासात ओतायचं. अंगणात, झाडाच्या आळ्यात किंवा हातपंपाजवळ नाही.

मग तपासणी. ओलं पांढरं फडकं घ्यायचं. एका फडक्याने जास्तीत जास्त ४० चौरस फूट फरशी, प्रत्येक खिडकीला वेगळं फडकं. कोऱ्या ओल्या फडक्याशेजारी ठेवून पाहायचं. काळपट दिसलं तर तेवढा भाग पुन्हा धुवायचा. फडक्याने शिसं मोजलं जात नाही, धूळ उरली की नाही एवढं कळतं. अंगणवाडी आणि निवासी आश्रमशाळेत मात्र एक चौरस फूट मोजून पुसलेले नमुने प्रयोगशाळेत पाठवावेतच.

काढलेल्या चौकटी आणि दारं

निघालेला रंग, प्लास्टिक, फडकी हे जाड पिशवीत दुहेरी बांधून, वर 'शिशाचा रंग' असं लिहून ठेकेदाराच्या ताब्यात. विल्हेवाटीची पावती घ्यायची. मातीच्या भरावात टाकायचं नाही.

लाकडाचं काय होतं ते आपल्याला माहीत आहे. जुन्या दारं-खिडक्या लिलावात जातात किंवा कुणीतरी उचलून नेतं, आणि त्या चुलीत जातात. रंगवलेलं लाकूड जळालं की शिसं धुरात आणि राखेत येतं. त्याच राखेने भांडी घासली जातात. भरताची वांगी कपाशीच्या काड्यांवरच भाजावीत. रंगीत फळकुटावर भाजलेलं वांगं खाऊ नये. ही दारं लिलावात देण्याआधी 'जाळण्यासाठी नाही' अशी अट लेखी घालावी.

अंदाजपत्रकात काय लिहावं

एकच ओळ लिहून भागत नाही, कारण ज्याचे पैसे नाहीत ते काम होत नाही. प्लास्टिक, मास्क, ओली सफाई आणि विल्हेवाट यांच्या स्वतंत्र बाबी, स्वतंत्र दराने दाखवाव्यात. अटींत स्पष्ट लिहावं: कोरडी घासाई, ग्राइंडर आणि ब्लो लॅम्प वर्ज्य, काम चालू असताना खोलीत कामगारांशिवाय कुणी नाही, दारावर मराठीत आणि मुलांच्या घरच्या बोलीत फलक, अहिराणी, भिलोरी, पावरी, जी असेल ती, नव्या रंगाच्या प्रत्येक डब्यावर ९० पीपीएमची नोंद, आणि रिकामे डबे बिलासोबत दाखवायचे. ओल्या पृष्ठभागाचे आणि अंथरलेल्या प्लास्टिकचे रोजचे फोटो मोजमाप पुस्तिकेसोबत जोडावेत. शेवटच्या बिलातली काही रक्कम पांढऱ्या फडक्याची तपासणी मुख्याध्यापक किंवा अंगणवाडी सेविकेसमोर होईपर्यंत राखून ठेवावी, आणि ती तपासणी शाळा उघडायच्या आधी निदान आठवडाभर व्हावी, म्हणजे फडकं काळं निघालं तर पुन्हा धुवायला वेळ उरेल.